कार्यक्रमात ट्रंपेट ओठांना लावला की तोंड कोरडं पडतं. पितळी वाद्यं वाजवणारे काय करतात?

तिसरा_पिस्टन
१२ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका हौशी वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवतो. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे आमचे कार्यक्रम असतात, कधी नाट्यगृहात, कधी सोसायटीच्या गणपतीत, कधी कोजागिरीला. घरी आणि तालमीत माझा सूर नीट लागतो. अडचण येते ती प्रत्यक्ष कार्यक्रमात, आणि तीही सुराची नाही, तोंडाची.

ट्रंपेट असलेली गाणी थोडी. त्यामुळे अर्धा-पाऊण तास नुसतं बसायचं आणि मग एकदम गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा, तोही एकट्याने. निवेदकाचं बोलणं संपत आलं की तोंडातली लाळ आटायला लागते. जीभ टाळूला चिकटते, वरचा ओठ माउथपीसच्या कडेला धरून बसतो, टंगिंग, म्हणजे जिभेने सूर सुरू करणं, जड होतं. पहिल्या सुराच्या जागी नुसती हवा बाहेर पडते आणि सूर अर्ध्या मात्रेने मागाहून येतो. श्रोत्यांना कदाचित कळत नसेल, पण तबल्यावाल्याला कळतं, कीबोर्डवाल्याला कळतं आणि मला तर कळतंच.

पाण्याची बाटली जवळ असते. घोट घेतला की बरं वाटतं, पण मिनिटभरात पुन्हा तेच. कुणी खडीसाखर सांगतं, कुणी लवंग, कुणी खोकल्याच्या गोळ्या. एक जण तर म्हणाला की गोळी घे, धडधडच थांबेल. इथे बँडवाले, सैन्यातले, गोव्याकडचे बरेच वादक आहेत असं जुन्या धाग्यांवरून वाटतं. स्वतः वापरून पाहिलेलं सांगा.

---

अक्कलदाढ
१२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी वाजवत नाही. दंतवैद्य आहे, त्यामुळे तोंडाच्या बाजूने लिहितो.

पाणी पिऊनही मिनिटभरात कोरडं पडतं, हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं. म्हणजे शरीरात पाणी कमी पडलंय असं नाही, लाळेच्या ग्रंथींचं काम तेवढ्या वेळापुरतं मंदावलंय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींवर उपाय वेगळे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. नुसतं स्वस्थ बसलं तर मिनिटाला जेमतेम ०.३ मिलिलिटरच्या आसपास लाळ येते. काही चावायला लागलं किंवा आंबट जिभेवर आलं की ती कित्येक पटींनी वाढते. पातळ, भरपूर लाळ सुटते ती परानुकंपी चेतासंस्थेच्या इशाऱ्याने, म्हणजे जेवताना आणि निवांत असताना. भीती वाटली की अनुकंपी संस्थेचा जोर वाढतो आणि लाळ थोडी, दाट, चिकट येते. हृदय धडधडणं, तळहाताला घाम आणि कोरडं तोंड ही तिन्ही एकदम येतात ती यामुळेच.

आता पाणी का पुरत नाही ते. लाळेत म्युसिन नावाची बुळबुळीत प्रथिनं असतात. ओठ माउथपीसवर आणि जीभ टाळूवर सहज सरकते ती त्यांच्यामुळे. पाण्याला तो बुळबुळीतपणा नाही. उलट वारंवार चूळ भरल्यासारखं पाणी प्यायलं तर आहे ती लाळही धुऊन जाते. म्हणून कार्यक्रमाच्या तोंडावर पाण्यापेक्षा ग्रंथींना कामाला लावणं जास्त उपयोगाचं. साखर नसलेलं च्युइंगम चावणं, जिभेच्या कडा दाढांखाली अगदी हलक्या दाबणं, जीभ हिरड्यांवरून आतून-बाहेरून फिरवणं, या सगळ्याने लाळ सुटते.

आणखी एक विचारतो. सर्दीची गोळी घेता का? सेट्रिझिन, क्लोरफेनिरामिन यांसारख्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी तोंड सुकतं. रक्तदाबावरच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची किंवा झोपेसाठी दिलेली काही जुनी औषधं, यांनीही. नाक चोंदलेलं असलं की माणूस तोंडाने श्वास घेतो, मग तर विचारूच नका. आणि एरवीही, घरी शांत बसल्यावरही तोंड कोरडं राहत असेल, रात्री पाण्यासाठी उठावं लागत असेल, तर आधी रक्तातली साखर तपासा.

---

तिसरा_पिस्टन
१३ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

डॉक्टर, फार धन्यवाद. साखर तपासलेली आहे, ठीक आहे. सर्दीची गोळी मात्र थंडीत घेतो अधूनमधून. कार्यक्रमाच्या दिवशी ती घ्यावी की नाही हे माझ्या डॉक्टरांना विचारीन. बाकी तुम्ही म्हणता ते पटतं. तालमीत तोंड कधीच कोरडं पडत नाही.

---

रिटायर्ड_युफोनियम
१३ नोव्हेंबर, दुपारी १:४०

मी सैन्याच्या बँडमध्ये होतो. शिक्षण पचमढीला झालं. परेडवरची अडचण तुमच्यापेक्षा थोडी निराळी, पण मूळ तेच. परेडला सावधानमध्ये उभं राहायचं. बाटली नाही, च्युइंगम नाही, तोंडही हलवायचं नाही. भाषण लांबतं, ऊन डोक्यावर येतं, आणि मग बॅटन वर गेला की सगळ्यांचा सूर एकदम आला पाहिजे. तिथे जे उपयोगी पडलं ते सांगतो.

पाणी आदल्या संध्याकाळपासून. कार्यक्रमाला दोन तास उरले की अर्धा लिटर, सावकाश. त्यानंतर फक्त घोट-घोट. शेवटच्या दहा मिनिटांत गटागटा प्यायलेलं पाणी तोंडाच्या कामाचं नाही, ते पोटात डचमळतं आणि पोटातून श्वास घेताना आड येतं.

चहा दोन तास आधी बंद. चहातली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, म्हणून चहानंतर तोंड आवळल्यासारखं होतं. कोरा चहा तर अजिबात नको. फरसाण, वेफर्स, खारे शेंगदाणे टाळा. मिठाने ओठ सुकतात आणि कडा सुजल्यासारख्या होतात. तुमच्या कार्यक्रमांत मध्यंतराला वडापाव येतो हे मला ठाऊक आहे. तो कार्यक्रम संपल्यावर खा. तेलकट ओठ माउथपीसवर ठरत नाहीत आणि कण आत गेले की पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायची कळ, अडकतो.

श्वास नाकाने. बसलेले असताना माणूस नकळत तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, विशेषतः घाबरलेला असेल तर. एसी हॉलमध्ये कोरडी हवा जिभेवरून जात राहते आणि दहा मिनिटांत जीभ चामड्यासारखी होते. ओठ मिटून नाकाने घ्या आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. चार मोजत आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर. डॉक्टरांनी ती परानुकंपी संस्था सांगितली ना, ती लांब उच्छ्वासाने जागी होते.

सुराआधीचं काम. तुमचा तुकडा यायला दोन-तीन मिनिटं असताना माउथपीस मुठीत धरून गरम करा. थंड धातूला कोरडा ओठ लगेच चिकटतो. वाद्यात आवाज न करता गरम हवा सोडा. जिभेच्या टोकाने ओठांच्या आतल्या कडा आणि माउथपीसची कड ओली करा. जिभेच्या कडा दाढांनी हलक्या दाबा, हे कुणाला दिसत नाही. सावधानमध्येही करता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिला सूर जिभेशिवाय काढायला शिका. ‘तू’ने नाही, ‘हू’ने. नुसत्या हवेने ओठ हलायला लागले पाहिजेत. रोज रियाजाची सुरुवात अशा सुरांनी करा, हळू आवाजात, मधल्या सप्तकात. तोंड कोरडं पडलं की आधी जीभ दगा देते, ओठ त्याच्या नंतर. हवेवर सूर लागायची सवय असली तर जीभ चिकटली तरी तुमचा सूर वेळेवर येतो. आमचे उस्ताद नव्या पोरांकडून हे फार करून घ्यायचे.

आणि तालमीत तोंड कोरडं पडत नाही म्हणता, तर पाडा. वीस मिनिटं गप्प बसा, वाद्य मांडीवर. मग दोन मजले जिने चढून या, धाप लागलेली असतानाच उभे राहा आणि तो तुकडा एकदाच वाजवा. दुसरी संधी नाही. मारी बिस्किट कोरडं खाऊनही करून बघा, फक्त नंतर चूळ भरून मगच वाजवा. कोरड्या तोंडाने वाजवायची सवय ही वेगळी कमवावी लागते.

---

साष्टीकर
१३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

गोव्याहून. माझ्या आजोळी तीन पिढ्या ट्रंपेट आणि क्लॅरिनेट. चर्चच्या शाळेत सॉल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकायचा, फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, वाजवायचं आणि मग मुंबई गाठायची, असा क्रमच होता. पन्नास-साठच्या दशकांत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांच्या खुर्च्यांवर गोंयकार मोठ्या संख्येने असत. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे ॲंटोनियो झेवियर वाझ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं ट्रंपेटचं नाव.

तेव्हा रेकॉर्डिंग म्हणजे गायक, व्हायोलिनं, ताल, ब्रास सगळे एका वेळी. ट्रॅक वेगळे करून दुरुस्ती नाही. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. ट्रंपेटवाल्याने सत्तर-ऐंशी बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) गप्प बसायचं आणि मग चार बारांचा तुकडा मारायचा. तो फुटला तर अख्खा स्टुडिओ मान वळवून बघणार. म्हणजे तिसरा पिस्टन यांची अडचण त्या पिढीला रोजची होती.

आमच्या घरात उपाय आमसुलाचा. वाळलेल्या कोकमाची नखाएवढी फोड गालात ठेवायची, चावायची नाही. आपला तुकडा यायच्या आधी काढून रुमालात गुंडाळायची आणि पाण्याने तोंड खळखळायचं. उन्हाळ्यात बिंबल, तेही आंबट फळच. लाळ सुटते हे खात्रीने सांगतो.

आणि एक स्पष्ट लिहितो, कारण आमच्याकडच्या वादकांबद्दल लोक सहज बोलतात. ‘थोडी फेणी घेतली की भीती जाते’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दारूने तोंड आणखी सुकतं, ओठांवरचा ताबा सैल होतो आणि वरचे सूर खाली यायला लागतात. आजोळच्या थोरल्यांनी वाद्याला हात लावायच्या दिवशी थेंब घेतलेला मी पाहिला नाही. त्यांची शिस्त आजच्या पोरांना माहीत असायला हवी.

---

अक्कलदाढ
१३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

आमसूल उत्तम. लाळ सुटवायला आंबटाइतकं झटपट काही नाही. नुसतं लिंबू आठवलं तरी तोंडाला पाणी सुटल्यासारखं वाटतं, पण प्रत्यक्ष चवीने जेवढी लाळ येते तेवढी आठवणीने येत नाही. म्हणून फोड गालात हवीच. दोन काळज्या घ्या. रोजच्या रोज तासन् तास आंबट गालात ठेवू नका, दातांवरचा एनॅमल झिजतो. आणि आंबट खाल्ल्यावर अर्धा तास तरी दात घासू नका, नुसती चूळ भरा.

आवळा सुपारी किंवा आवळकाठी खाणारे इथे असतील. आवळ्यात तुरटपणा आहे, आधी तोंड आवळतं आणि मग पाणी सुटतं. तुमचा तुकडा नेमका त्या आवळण्याच्या वेळी आला तर पंचाईत.

अल्कोहोल असलेलं माउथवॉशही कार्यक्रमाच्या दिवशी नको. तोंड स्वच्छ वाटतं पण सुकतं.

---

स्वरगंगा_नाशिक
१४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मी गाते, वाद्य वाजवत नाही. आम्ही गायच्या आधी खडीसाखर आणि ज्येष्ठमध तोंडात ठेवतो. शिवाय शीतली प्राणायाम करून बघा. जिभेची पुंगळी करून श्वास आत घ्यायचा. मनही शांत होतं आणि थंडावा येतो.

---

रिटायर्ड_युफोनियम
१४ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

ताई, गायकांना खडीसाखर चालते. आम्हाला नाही. तोंडात जे आहे ते फुंकरीबरोबर वाद्यात जातं. साखरेची लाळ माउथपीसच्या पुढच्या नळीत जाते, तिथून पिस्टनपर्यंत, आणि वाळली की चिकट थर बसतो. ऐन वेळी पिस्टन खाली गेला तो वर येत नाही. खोकल्याच्या गोळ्यांचंही तेच. शिवाय काही गोळ्यांत मेंथॉल असतं, त्याने ओठ बधिर झाल्यासारखे वाटतात.

आंबटाचंही ध्यानात ठेवा. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं हे घरोघरी माहीत आहे. ट्रंपेट आतून पितळच. म्हणून साष्टीकरांनी सांगितलेलं ते तोंड खळखळणं सोडू नका. ज्येष्ठमधाची काडी चघळून नंतर पाण्याने तोंड धुतलं तर हरकत नसावी.

शीतलीत हवा ओल्या जिभेवरून आत जाते, म्हणून तर गार वाटतं. ओल सुकते म्हणूनच गारवा येतो. गायकांचं मला माहीत नाही, पण ट्रंपेट उचलायच्या आधी मी ती करणार नाही. मन शांत करायला अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी करा, दोन्हींत तोंड मिटलेलं असतं.

---

अक्कलदाढ
१४ नोव्हेंबर, दुपारी २:००

काकांच्या शीतलीबद्दलच्या म्हणण्याला अनुमोदन. ज्येष्ठमधाबद्दल एवढंच की रक्तदाब असलेल्यांनी ते रोज, पुष्कळ प्रमाणात चघळू नये, त्याने रक्तदाब वाढतो.

---

लीड्सचा_हॉर्न
१४ नोव्हेंबर, रात्री ११:४५

वाचनखूण साठवली आहे. मी इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये राहतो आणि इथल्या एका गावच्या ब्रास बँडमध्ये टेनर हॉर्न वाजवतो. इथे खाणी आणि गिरण्यांच्या काळापासून गावोगावी बँड आहेत. खाणी बंद झाल्या तरी बरेच बँड टिकले.

इथली स्पर्धा म्हणजे तोंड कोरडं पडायची पक्की व्यवस्था. एका गटातल्या सगळ्या बँडना एकच रचना वाजवायची असते. परीक्षक बंदिस्त खोक्यात बसतात, कोणता बँड वाजवतोय हे त्यांना दिसत नाही. कितव्या क्रमांकावर वाजवायचं हे त्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरतं. पहिला क्रमांक आला तर लगेच वाजवायचं, शेवटचा आला तर दिवसभर थांबायचं. त्यामुळे पाणी किती वाजता प्यायचं याचं वेळापत्रक करता येत नाही. आमच्या बँडची पद्धत अशी की सकाळपासून दर थोड्या वेळाने दोन-तीन घोट आणि क्रमांक जवळ आला की हिरव्या सफरचंदाची फोड. चावणंही होतं, आंबटही मिळतं. मग चूळ. वाजवताना बाटली खुर्चीखाली, झाकण सैल करून ठेवलेली. झाकणाशी झटापट करण्यात चार बारांची विश्रांती निघून जाते.

एक गैरसमज इथेही आहे आणि आपल्याकडेही. वाद्यातून पाणी काढताना लोकांना वाटतं ती थुंकी, आणि एवढी थुंकी गेली तर तोंड कोरडं पडणारच. ते बहुतेक श्वासातल्या वाफेचं पाणी असतं, थंड नळीत साचलेलं. त्यात लाळ फार थोडी. तेव्हा ‘वाजवून वाजवून तोंड सुकलं’ याचं कारण वाद्यातलं पाणी नव्हे.

ज्यांना वाटतं की ही भीती फक्त हौशी माणसाला असते, त्यांच्यासाठी: ऑस्ट्रियन संगीतकार माहलरची पाचवी सिंफनी एकट्या ट्रंपेटने सुरू होते. सगळा वाद्यवृंद गप्प, सभागृह गप्प आणि एक माणूस. त्या खुर्चीवर बसणारे व्यावसायिकसुद्धा पहिल्या सुराची वेगळी तयारी करतात. काकांनी सांगितलेला ‘हू’चा रियाज आमचा कंडक्टरही करून घेतो.

---

तिसरा_पिस्टन
१५ नोव्हेंबर, सकाळी ९:००

काका, ‘हू’ने सूर काढून पाहिला. तालमीतही तो नीट लागत नाहीये! म्हणजे इतकी वर्षं मी सगळं जिभेवरच रेटत होतो. हे काम आता रोज.

डॉक्टर, त्या धडधड थांबवणाऱ्या गोळीबद्दल काही लिहाल का? सांगणारा प्रोप्रॅनोलॉल म्हणत होता.

---

अक्कलदाढ
१५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

बीटा-ब्लॉकर. वादकांमध्ये तिचा वापर होतो हे लपवण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या सिंफनी वादकांच्या १९८०च्या दशकातल्या एका मोठ्या पाहणीत २७ टक्के वादकांनी ही औषधं वापरल्याचं सांगितलं होतं. हात थरथरणं, धडधड यांवर ती काम करते. व्हायोलिनवाल्याच्या गजाला त्याचा उपयोग कळतो.

पण दमा असेल तर ती धोक्याची, श्वासनलिका आवळू शकते. नाडी मुळात मंद असेल तर धोक्याची. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरल्याची धडधड ती झाकून टाकते. फुंकून वाजवणाऱ्या माणसाने दम्याचा इतिहास नीट न तपासता ही गोळी मित्राकडून घ्यावी, हे मला अजिबात मान्य नाही. ज्याला खरोखर गरज आहे त्याने फिजिशियनला भेटावं, आणि ठरलंच तर पहिली गोळी कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, घरी बसून घ्यावी. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला तिथपर्यंत जायची गरज दिसत नाही.

औषधाच्या दुकानात कृत्रिम लाळेचे स्प्रे मिळतात. ते मूळचे आजाराने किंवा किरणोपचाराने लाळ आटलेल्या रुग्णांसाठी आहेत. अपाय नाही, पण माउथपीसवर ओठ कसा बसतो ते आधी तालमीत पाहा.

---

बँडमास्तरची_लेक
१५ नोव्हेंबर, रात्री १०:५५

सगळा धागा वाचला. सगळं सभागृहाबद्दल आणि परेडबद्दल चाललंय, म्हणून वरातीबद्दल लिहिते. आमचा घरचा बँड आहे, मराठवाड्यात. वडील कॉर्नेट वाजवायचे, आता भाऊ सांभाळतो, हिशोब आणि सुपाऱ्या, म्हणजे कामं ठरवणं, मी बघते.

वरातीत वाजवणाऱ्याचं तोंड भीतीने कोरडं पडत नाही. तो हेच काम रोज करतो. त्याचं तोंड खरोखरच पाण्यावाचून कोरडं पडतं, आणि पाणी तो स्वतः टाळतो. कारण विचारा. लघवीला जायची सोय नसते. वरात एकदा निघाली की दोन-अडीच तास रस्त्यावर. नवरदेव घोड्यावर, नाचणारे पुढे, बँड मध्ये. बँडवाला रांग सोडून कुठे जाणार? कार्यालयात पोचल्यावरही ‘तुम्ही मागच्या बाजूला थांबा’. म्हणून आमची माणसं दुपारपासूनच पाणी कमी पितात. एप्रिल-मेच्या लग्नसराईत, जाड कोट घालून, जनरेटरच्या धुरात. संध्याकाळी ओठ फुटलेले, लघवी गडद पिवळी, डोकं दुखतंय. उन्हाळ्यात मुतखड्याचा त्रास झालेली माणसं आमच्याकडे एकापेक्षा जास्त आहेत.

त्यात तंबाखू. मावा तोंडात धरला की लाळ सुटते आणि भूक मरते, म्हणून पोरं धरतात. वाटतं तोंड ओलं राहिलं. पण सुपारीने काही वर्षांत गाल आतून ताठ होतात, तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट सहन होत नाही. आमच्या बँडमधल्या एका चांगल्या ट्रंपेटवाल्याला त्यापायी वाद्य सोडावं लागलं. डॉक्टर, तुम्ही यावर लिहायला हवं होतं.

रमजानात आणखी वेगळं. आमच्याकडे अर्धे वादक मुसलमान. रोजा धरलेला माणूस घोटभर पाणीही घेणार नाही आणि संध्याकाळची वरात नेमकी इफ्तारच्या आधी असते. त्या दिवसांत भाऊ रांगा अशा लावतो की रोजा धरलेल्यांना लांब सुरांची कामं कमी येतील, वरचे तुकडे बाकीचे घेतात. अजान झाली की वरात पाच-दहा मिनिटं थांबवायची, खजूर आणि पाणी होऊ द्यायचं. यजमानांना आधी सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. न सांगता थांबलो तर मात्र वाद होतो.

म्हणून आता मी सुपारी घेतानाच बोलून घेते: वरातीबरोबर पाण्याचे जार असलेली एक हातगाडी, मध्ये एक थांबा जिथे शौचालय आहे, आणि कार्यालयात बँडच्या माणसांना स्वच्छतागृह खुलं. पैशांच्या आकड्याइतकंच हे महत्त्वाचं. सुरुवातीला लोक बघत राहायचे. आता वरातीचा मार्ग ठरवतानाच विचारतात की थांबा कुठे घेऊ. वादक पाणी प्यायला लागले तशी शेवटच्या अर्ध्या तासातली गाणीही पहिल्यासारखी वाजायला लागली.

---

अक्कलदाढ
१५ नोव्हेंबर, रात्री ११:३०

ताई, तुमचं बरोबर आहे. सुपारीने होतो त्या आजारात तोंडाच्या आतल्या त्वचेखाली ताठ तंतू तयार होतात आणि ते पुन्हा मऊ होत नाहीत. मावा, गुटखा, नुसती सुपारी, तिन्हींनी होतो, आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका असतो. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर लगेच दाखवा. फुंकून पोट भरणाऱ्या माणसासाठी याहून वाईट सवय नाही. तुमच्या वादकांची एकदा एकत्र तपासणी करायची असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्या भागात माझे सहकारी आहेत.

पाणी पुरेसं आहे का हे ओळखायची सोपी खूण तुम्ही लिहिलीच आहे: लघवीचा रंग. फिकट असेल तर ठीक.

---

रणशिंग_सातारा
१६ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

तुतारीवाल्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुतारीही पितळीच आणि ओठांनीच वाजते. पिस्टन नाहीत, सगळं ओठ आणि हवा. आम्ही लग्नाच्या स्वागताला, मिरवणुकांना आणि ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला जातो. तिथे जूनच्या पहिल्या आठवड्यातलं ऊन आणि वारा दोन्ही. वाऱ्याने ओठ उन्हापेक्षा लवकर फुटतात.

लग्नात दारात उभं राहायचं, मावळ्याचा पोशाख, डोक्याला फेटा. मोठा पाहुणा कधीही येतो. गाडीचं दार उघडलं की तुतारी वाजली पाहिजे. पाणी प्यायला वळलो आणि पाहुणे आले तर यजमान रागावतात. वरच्या सगळ्या सूचना चांगल्या आहेत, पण आमच्याकडे तुकडा कधी येणार हेच माहीत नसतं. आमसूल किती वेळ गालात ठेवणार? आणि फुटलेल्या ओठांना व्हॅसलिन लावलं तर तुतारी ओठांवरून घसरते.

---

रिटायर्ड_युफोनियम
१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

व्हॅसलिन किंवा साजूक तूप रात्री झोपताना लावा. वाजवायच्या दिवशी सकाळी धुऊन टाका. दिवसा ओठ जिभेने सारखे चाटू नका, चाटलेला ओठ वाऱ्यात जास्त फुटतो. फेट्याचा शेमला नाका-तोंडावर घेता येत असेल तर वाऱ्यात तसे उभे राहा, तुतारी उचलताना बाजूला करा.

आमसुलाऐवजी जिभेच्या कडा दाबायची सवय लावा. ती कितीही वेळ करता येते आणि कधीही थांबवता येते.

---

बँडमास्तरची_लेक
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

दादा, एकट्याची सुपारी घेऊ नका. दारात दोन तुतारीवाले हवेत असंच यजमानांना सांगा. डावी-उजवीकडे दोघे उभे राहिले तर शोभाही दिसते, आणि एक जण पाणी प्यायला वळला तरी दुसरा तयार असतो. पैसे थोडे वाटले जातील, पण दोघांचे ओठ दुसऱ्या दिवशीच्या कामाला शाबूत राहतील. आमच्याकडून तुतारीवाले जातात ते जोडीनेच.

---

रणशिंग_सातारा
१६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ताई, जोडीचं पटलं. चुलतभाऊ वाजवतो, पुढच्या आठवड्यातल्या कराडच्या लग्नाला त्यालाच घेऊन जातो. यजमानांशी उद्या बोलतो, पाण्याचं आणि शौचालयाचंही त्याच फोनवर सांगून टाकतो.